चार थेंबांचा हिशेब: बडोद्यातलं एक ड्रिपिंगचं प्रकरण

अष्टमीच्या रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला. भाचा गरबा खेळता खेळता खाली बसला, उलट्या थांबत नाहीत, मित्रांनी दवाखान्यात नेलंय, तू निघ. नवरात्रात त्या वेळेला बडोद्याच्या रस्त्यांवर दुपारपेक्षा जास्त गर्दी असते. दांडिया बाजारातून दवाखाना गाठेपर्यंत साडेबारा वाजले.

खाटेवर तो गरब्याच्या पोशाखात, केडियातच पडला होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम, बोटं थरथरत होती. आणला तेव्हा नाडी फार जलद होती, असं सिस्टरनं सांगितलं. दारात तीन मित्र उभे होते. काय घेतलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं की तिघांचं एकच उत्तर: "कंई नथी साहेब, गरमी लागी छे." गुजरातेत दारूबंदी आहे. बावीस वर्षांचा मुलगा मध्यरात्री उलट्या करत आला की डॉक्टरांना पहिला संशय कशाचा येणार, हे पोरांना ठाऊक होतं. दारू कुणी घेतलीच नव्हती. पण जे घेतलं होतं तेही बंदीतलंच, म्हणून गरमी हे सगळ्यांत सोपं उत्तर.

आणि ते पटण्यासारखंही होतं. ऑक्टोबरचा उकाडा, तीन तासांचा नाच, अष्टमीचा उपास, पोटात संध्याकाळची साबुदाण्याची खिचडी. उष्माघात म्हणावा तर अंग तापलेलं हवं, त्याचं मात्र गार पडलं होतं. घरी कळवायला त्याचा मोबाइल शोधत होतो, तेव्हा केडियाच्या खिशातून दोन वस्तू हाताला लागल्या. एक मुठीत मावेल अशी जड पितळी नळी, आणि दहा मिलीलिटरची प्लॅस्टिकची बाटली. बाटलीला पिकल्या आंब्याचा वास होता. मी दोन्ही नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी बाटली दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचली आणि पहिल्यांदाच मित्रांकडे न बघता भाच्याला विचारलं, "किती वेळा टाकलंस?"

"दहा-बारा," तो म्हणाला.

ती नळी म्हणजे एक प्रकारची ई-सिगारेट, आणि बाटलीत तिच्यात थेंब थेंब टाकायचं निकोटीनचं लिक्विड. निकोटीनच्या विषबाधेवर उतारा म्हणून वेगळं औषध नसतं. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, ईसीजी आणि नाडी-रक्तदाबावर नजर, एवढंच. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे पहाटेपर्यंत तो पाणी मागू लागला आणि सकाळी घरी आला. घट उठेपर्यंत ताई त्याच्याशी बोलली नाही.

मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सांभाळली. पोरगं शुद्धीवर आलं म्हणून प्रकरण मिटलं, असं मानायचा माझा स्वभाव नाही. दसऱ्यानंतर त्याला सगळं सामान घेऊन माझ्याकडे बोलावलं. पुढे लिहिलंय ते त्या चार संध्याकाळींचं. त्यानं हे वाचलंय, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या मी केल्यात.

नळी

साधी ई-सिगारेट असते तिच्यात टाकी किंवा पॉड असतं. लिक्विड आत भरलेलं, कापसाची वात ते शोषून तारेच्या वेटोळ्यापर्यंत, म्हणजे कॉइलपर्यंत आणते, तार तापते, वाफ होते. बॅटरी आणि तार यांच्या मध्ये एक छोटी चिप असते. ती व्होल्टेज बघते, शॉर्ट झालं तर बंद करते, फार वेळ बटण दाबून धरलं तर तोडते.

ड्रिपिंगमध्ये टाकी नाही. वरची टोपी काढायची, उघड्या कॉइलवर आणि कापसावर लिक्विडचे तीन-चार थेंब पाडायचे, टोपी लावायची, पाच-सहा झुरके घ्यायचे, पुन्हा टोपी काढायची. भाच्याच्या नळीत तर चिपही नव्हती. पितळेचा पाइप, आत एक सेल, तळाशी दाबायचा स्विच. दाबला की सेल थेट कॉइलला. आपल्या लहानपणच्या टॉर्चमध्ये यापेक्षा जास्त काही नसायचं, यातही नाही. पोरं याला मेक मॉड म्हणतात आणि वर बसवलेल्या भागाला ड्रिपर.

मला त्याची बाजू आधी ऐकायची होती. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, बोलतो मुद्द्याला धरून. रागावून ऐकलं असतं तर त्यानं निम्मं लपवलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तो दिवसाला आठ सिगारेटी ओढायचा. हे ताईला माहीत नव्हतं, मला अंदाज होता. फतेगंजच्या एका मित्राकडून पॉड मिळालं, सिगारेट सुटली. पावागडच्या पायऱ्यांवर पूर्वी छाती भरून यायची, तीन महिन्यांत ते थांबलं. हे मी खोडून काढू शकलो नाही, कारण ते खरं आहे. सिगारेटमध्ये पान जळतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघून रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसतो, ऑक्सिजनची जागा अडवतो, शिवाय डांबर वेगळं. वाफेत जळण नाही, म्हणून हे दोन्ही जवळजवळ नाहीत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्यानं २०१५ साली ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे, असा अंदाज दिला होता. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण तिथे धूम्रपान सोडवायला तिचा उपयोग आजही करतात. भाच्यानं तो आकडा मला तोंडपाठ सांगितला.

मग पॉडवरून ड्रिपर कशाला? त्याची कारणं अशी. चव: टाकीतल्या वातीत मागच्या चवीचा वास राहतो, इथे दर चार थेंबांना चव बदलता येते आणि ताज्या थेंबाची चव खरोखर उठून येते. ढग: पॉडमधून फुंकरभर वाफ निघते, ड्रिपरमधून खोली भरते, आणि गरब्याच्या मैदानाबाहेर, पार्किंगमध्ये, ढग कुणाचा मोठा यावर पैजा लागतात. घशाला बसणारा फटका. खर्च: विकतची कॉइल महाग, स्वतः गुंडाळलेली तार आणि पावशेर कापूस वर्षभर पुरतो. आणि शेवटचं त्यानं जरा लाजत सांगितलं, "मामा, तार गुंडाळायला मजा येते. वेढे एकसारखे बसले की बरं वाटतं."

शेवटचं कारण ऐकून मला त्याच्यावर रागावता येईना. मीही आयुष्यभर वेढेच गुंडाळले.

तो जगावेगळा मुलगा नाही. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात शाळकरी मुलांची पाहणी झाली होती, २०१७ साली ती छापून आली. ई-सिगारेट वापरून पाहिलेल्या १,०८० मुलांपैकी सुमारे २६ टक्क्यांनी ड्रिपिंग केलं होतं. का, तर ६३.५ टक्के म्हणाले दाट ढगासाठी, ३८.७ टक्के चवीसाठी, २७.७ टक्के घशाच्या फटक्यासाठी. त्या मुलांनी आणि आमच्या भाच्यानं एकमेकांना विचारून उत्तरं लिहावीत इतकी ती जुळतात.

टेबलावर

पहिल्या संध्याकाळी मी कॉइल मोजली. साध्या मल्टिमीटरनं ती मोजता येत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच विरोध ०.२ ओहमच्या आसपास असतो. भाच्यानं तसंच मोजलं होतं आणि वायरींचे ०.२ धरून "साधारण ०.४" समजून चालला होता. मी चार तारांची पद्धत वापरली. बेंच सप्लायमधून बरोबर १ अँपिअर सोडला आणि कॉइलच्या टोकांवर मिलिव्होल्ट वाचले. १८० आले. म्हणजे ०.१८ ओहम. दोन कॉइल, अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचे पाच-पाच वेढे, एकमेकींना समांतर. तार कँथलची, लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची. विजेच्या शेगडीतली स्प्रिंगही याच कुळातली.

आता सेल. तो होता १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन एका कडेला फाटलेलं. कुठून आणला विचारलं, तर लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला, बाजारात सुटा मिळाला, स्वस्त. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. ४.२ भागिले ०.१८, कागदावर २३ अँपिअर येतात.

लॅपटॉपचा सेल यासाठी बनवलेलाच नसतो. चार-पाच अँपिअर हे त्याचं रोजचं काम. तो २३ देणारही नाही, कारण त्याच्या पोटातला विरोध आड येतो. मी तो मोजला, ०.०६ ओहम भरला. मग एकूण ०.२४, प्रवाह साडेसतरा अँपिअर. कॉइलमध्ये ५५ वॅट. आणि सेलच्या आत, साडेसतराचा वर्ग गुणिले ०.०६, म्हणजे १८ वॅट.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि त्याच्या हातात माझी २५ वॅटची सोल्डरिंगची कांडी दिली, बंद असलेली. म्हटलं, बटण दाबलं की हिच्या पाऊण भागाएवढी उष्णता तुझ्या मुठीत, पितळेच्या आत, ज्या वस्तूला तापणं सोसत नाही नेमक्या त्याच वस्तूत तयार होते. तो गप्प झाला. मग म्हणाला, "गरम व्हायचं. मला वाटायचं वरून खाली उतरतंय."

लिथियमचा सेल एका मर्यादेपलीकडे तापला की आतली रसायनं स्वतःच उष्णता सोडू लागतात आणि मग स्विच सोडूनही उपयोग नसतो. नळीला तळाशी भोकं असतात ती वायू बाहेर जाण्यासाठी. भाच्याच्या नळीवर मित्रानं हौसेनं रंगीत टेप गुंडाळली होती, दोन भोकांपैकी एक तिच्याखाली. बंद पाइपात वायू कोंडला तर काय होतं ते दिवाळीच्या दिवसांत निराळं सांगायला नको. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्ससमध्ये अशा स्फोटानं एकेक माणूस गेलाय. असे अपघात रोज होत नाहीत, हेही खरं. पण फाटकं वेष्टन, चुकीचा सेल, चुकीचा मोजलेला ओहम आणि बुजलेलं भोक हे चारही एकाच नळीत होते. अष्टमीला त्याला दवाखान्यात जे न्यावं लागलं त्याच्याशी यातल्या एकाचाही संबंध नव्हता. केवळ नशीब.

करपलेली फोडणी

दुसऱ्या संध्याकाळी ड्रिपर उघडला. कॉइलच्या आतला कापूस बाहेर काढला, तर मधला भाग तपकिरी, एका ठिकाणी काळा. "यात जळत काहीच नाही" हे त्याचं आवडतं वाक्य होतं. तो कापूस मी त्याच्यासमोर पांढऱ्या कागदावर ठेवला.

लिक्विड म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात चवीचे अर्क आणि निकोटीन. पहिलं १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. ढग दाट होतो ग्लिसरीनमुळे, म्हणून ढगवाले ग्लिसरीन जास्त असलेलं घेतात. कापूस ओला आहे तोवर तारेचं तापमान या उकळबिंदूंच्या आसपास अडकून राहतं, जसं चहाच्या भांड्यात पाणी आहे तोवर भांडं जळत नाही. पाणी आटलं की बूड काळं. कॉइलचंही तेच, फक्त इथे आटायला सेकंद लागतात. ओलावा संपला की तारेला अडवणारं काही राहत नाही, तापमान एकदम वर जातं, आणि उरलेलं ग्लिसरीन उकळायच्या ऐवजी मोडतं.

मोडून काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. तेल फार तापून फोडणी करपते, डोळे झोंबतात, अख्ख्या घराला ठसका लागतो. त्या झोंबणाऱ्या धुरात अ‍ॅक्रोलीन असतं, आणि ते तेलातल्या ग्लिसरीनच्या भागापासूनच होतं. कॉइलवर तेच. सोबत फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड. फॉर्मल्डिहाइड कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. फरक एवढाच की फोडणी करपली तर आपण खिडकी उघडतो.

ड्रिपिंग नेमकं याच बाबतीत टाकीपेक्षा वेगळं पडतं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्रानं ड्रिपिंग करून मोजमापं घेतली, तो लेख २०१६ साली आला. थेंब पाडल्यावर पुढचे थेंब पाडेपर्यंत जितके जास्त झुरके, तितकं कॉइलचं तापमान चढत गेलं आणि तितकं फॉर्मल्डिहाइड वाढत गेलं. काही वेळा सिगारेटच्याही वर.

यावर वेपवाल्यांचं एक उत्तर असतं आणि भाच्यानंही ते दिलं. कोरडा झुरका इतका कडू लागतो की माणूस आपोआप थांबतो, प्रयोगशाळेतलं यंत्र थांबत नाही म्हणून आकडे फुगतात. टाकीच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे, महिन्यातून एखाद्या वेळी वात कोरडी पडते आणि तोंड वाकडं होतं. पण ड्रिपरमध्ये कोरडा पडणं हा अपवाद नाही, तो प्रत्येक फेरीचा शेवट आहे. आता थेंब टाकायला हवेत हे कळतं कशावरून, विचारलं.

"चव पातळ होते. मग जरा करपट लागतं."

"म्हणजे करपल्यावर कळतं."

"हो." मग थोड्या वेळानं, "आता आधीसारखं करपट लागतही नाही म्हणा."

ऑगस्टमध्ये तीन दिवस त्याचा आवाज बसला होता. ताईनं ज्येष्ठमध चघळायला दिलं, गणपतीच्या आरत्यांमुळे झालं असेल असं सगळ्यांनी ठरवलं. ते एका मोठ्या कोरड्या झुरक्यानंतरचं होतं हे आत्ता बाहेर आलं.

चिप काढली, टाकी काढली. तापमान कोण बघणार, लिक्विड किती उरलं कोण बघणार, डोस किती झाला कोण बघणार? या तिन्ही कामांवर त्यानं एकच नोकर ठेवला होता, स्वतःचा घसा. आणि तो घसा दिवसाला पन्नास-साठ वेळा भाजून बधिर होत चालला होता.

त्याला ड्रिपरमध्ये जे आवडायचं, दाट ढग, उठून येणारी चव, घशाचा फटका, ते सगळं जास्त उष्णतेतून येतं, आणि नको असलेलंही तिच्यातूनच. "मग थोडं कमी तापवलं तर?" त्यानं विचारलं. कमी तापव, म्हटलं, मग ढग पॉडएवढा होईल, आणि पॉड तुझ्याकडे होतंच.

५० चा घोळ

आता अष्टमी. त्याचं नेहमीचं लिक्विड ३ मिलीग्रॅमचं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ३ मिलीग्रॅम निकोटीन. ते त्या रात्री संपलं. मित्रानं आंब्याची बाटली दिली. तिच्यावर ५० लिहिलं होतं. बाटल्यांवर प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं प्रमाणही ५०-५० असं लिहितात. यानं तेच समजून ढग जरा पातळ येईल एवढाच विचार केला. ते ५० निकोटीनचे होते. पॉडमध्ये भरायचं लिक्विड.

हिशेब त्याच्याच हातून करून घेतला. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटर. चार थेंब ०.२. नेहमीच्या बाटलीतून ०.६ मिलीग्रॅम, या बाटलीतून १० मिलीग्रॅम. दहा वेळा टाकलं तर १०० मिलीग्रॅम कॉइलवर पडलं. त्यातलं सगळं शरीरात जात नाही, बरंच ढगाबरोबर मैदानावर गेलं असेल. तरी एका सिगारेटमधून माणसाच्या अंगात एक ते दीड मिलीग्रॅमच्या आसपास जातं, हे शेजारी लिहिलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं.

पॉडमध्ये ५० चालतं कारण पॉडची ताकद दहा-पंधरा वॅट, वाफ चिमूटभर. ड्रिपरमधून छाती भरून वाफ येते. सतरा पट कडक लिक्विड आणि वर कित्येक पट वाफ.

पण घशानं का नाही सांगितलं? साधं निकोटीन इतकं कडक असतं तर पहिल्या झुरक्याला खोकून बेजार झाला असता. पॉडच्या लिक्विडमध्ये निकोटीनचा क्षार असतो, बेन्झॉइक आम्लासारखं काहीतरी मिसळून केलेला. त्यानं निकोटीनची झोंब मरते. म्हणूनच तो पॉडमध्ये वापरतात, कडक असूनही मऊ लागावं म्हणून. सगळी भिस्त ज्या नोकरावर, त्याच्या डोळ्यांवर त्या रात्री पट्टी बांधलेली होती. वर उपाशी पोट, नाच आणि घाम. पहिल्यांदा मळमळलं तेव्हा तो उपासामुळे म्हणाला आणि आणखी चार थेंब टाकले.

थेंब पाडताना बोटं ओली होतात, ती केडियाला पुसली जातात. निकोटीन कातडीतूनही जातं. हे बडोद्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही, चरोतर आपल्या शेजारी आहे. आणंद-पेटलादकडच्या शेतांत ओली तंबाखूची पानं हाताळणाऱ्या मजुरांना डोकेदुखी, उलट्या, चक्कर हा त्रास होतोच, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्यावर अभ्यासही केलेत. अष्टमीच्या रात्री कातडीतून किती गेलं सांगता येत नाही. मला जास्त धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या बाटलीला लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण नव्हतं, वास आंब्याचा, आणि आत, भरलेली असती तर, ५०० मिलीग्रॅम निकोटीन. ताईच्या वाड्यात खालच्या मजल्यावर चार वर्षांची मुलगी आहे, ती याच्याच खोलीत खेळायला येते.

इंग्लंडचा आकडा पाठ असलेल्या मुलाला तिथला दुसरा आकडा माहीत नव्हता. त्या देशात २० मिलीग्रॅमच्या वर निकोटीन असलेलं लिक्विड विकायला परवानगी नाही, आणि टाकी दोन मिलीलिटरपेक्षा मोठी नसते. तिथे ई-सिगारेट चालते ती या कुंपणाच्या आत.

गरमी लागी छे

आपल्याकडे कुंपण नाही, भिंत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा वटहुकूम आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा लिहिलेली नाही.

हे त्या तीन मित्रांना माहीत असतं तर दवाखान्याच्या दारात पाऊण तास वाया गेला नसता. मला त्यांचा राग त्या रात्री आला होता, आता नाही. दारूबंदीच्या राज्यात वाढलेली पोरं बंदी म्हणजे पोलिस एवढंच शिकतात. मी तिघांनाही नंतर घरी बोलावून पोहे खायला घातले आणि एकच गोष्ट सांगितली, डॉक्टरांपुढे खोटं बोलायचं नाही, बाटली असेल तर बाटलीच पुढे करायची.

बंदी असावी की नसावी यावर माझं मत डळमळतं. शाळेच्या कोपऱ्यावरच्या गल्ल्यात या वस्तू उघड टांगलेल्या बघायला मला नको आहेत. पण बंदीमुळे बाटलीवरचं लेबल कुणी तपासत नाही, हेही खरं. त्या ५० च्या जागी आत ३५ असतील की ७० हे मी माझ्या टेबलावर मोजू शकलो नाही. विकणाऱ्यानं मोजलं असेल असं मला वाटत नाही.

नंतर

चौथ्या संध्याकाळी सेल रिकामा केला. गाडीचा एक बल्ब जोडून हळूहळू उतरवला, भाचा मीटर बघत बसला होता. तार कापली. ड्रिपर आणि पाइप वेगवेगळे भंगारात गेले. पितळेचे पैसे त्यानं मागितले नाहीत. काळा कापूस माझ्याकडे काडेपेटीत आहे.

डॉक्टरांनी दोन मिलीग्रॅमची निकोटीन गम सांगितली, ती औषधाच्या दुकानात मिळते. चघळून गालात दाबून ठेवायची असते, च्युइंगगमसारखी चावत राहिलं तर उचकी लागते, हे त्याला पहिल्या दिवशी कळलं. तंबाखूच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर त्यानं दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मी शेजारी नव्हतो, काय बोलला मला माहीत नाही.

मी स्वतः वीस वर्षं तंबाखू मळलीय, तीनदा सोडून चौथ्यांदा सुटली. त्यामुळे सुटली का, असं ताई रोज विचारायची तेव्हा मी तिला गप्प बसवायचो. तिचा खरा प्रश्न डिसेंबरात आला. त्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं होतं. "हे बरं की ते बरं होतं?" तिनं विचारलं. पॉड असतं आणि बाटलीवर भरवसा असता तर मी कदाचित ते म्हणालो असतो. त्या पितळी नळीबद्दल नाही म्हणू शकलो. मी गमचं पाकीट कुठे ठेवलंय एवढंच विचारलं.

त्यानं मात्र एक गोष्ट चांगली केली. हिशेब लिहायला लागला. ताईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदींच्या खाली, प्रत्येक सिगारेटीला एक रेघ. नोव्हेंबरच्या पानावर काहीच नाही. डिसेंबरात अकरा. जानेवारीत उत्तरायणच्या दोन दिवसांत, गच्चीवर मित्र आणि पतंग, सातच्या सात एका चौकटीत दाटीनं मारलेल्या. फेब्रुवारीची आज सतरा तारीख आहे, चार रेघा आहेत.